सत्तरच्या दशकातले जपानी ॲम्प आणि रिसीव्हर घरी दुरुस्त करताना

कथीलतार

नमस्कार मंडळी. मरांझ, पायोनियर, सान्सुई, यामाहा, केनवूड यांचे १९७० ते १९८० च्या दरम्यानचे ट्रान्झिस्टर ॲम्प आणि रिसीव्हर आता भराभर माळ्यावरून खाली येत आहेत. बरेचसे त्या वेळी आखातातून आलेले. विचारणा एकाच प्रकारची होते: "सगळे कंडेन्सर बदलायचे आहेत, यादी द्या." माझं म्हणणं असं की कंडेन्सर नंतर. आधी घरातली लाईन, मग मोजमाप, मग बिघाड, आणि शेवटी सुधारणा. हा क्रम मोडला की चालू सेट बंद पडतो आणि कशामुळे बंद पडला तेही कळत नाही.

लाईनपासून सुरुवात करू. मागच्या पाटीवर २२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे लाईन २३० ची म्हणतात, पण रात्री उशिरा बऱ्याच घरांत २४० च्या वर जाते. ट्रान्सफॉर्मरच्या २२० च्या टॅपवर (जोडणीवर) २४० दिले की आतले सगळे व्होल्टेज ९ टक्क्यांनी वाढतात. ४५ व्होल्टची रेल (आतला डीसी पुरवठा) ४९ होते, आणि तिथला मूळ फिल्टर कंडेन्सर बहुधा ५० व्होल्टचाच असतो. डायलचे दिवे वारंवार जाण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरला २४० ची खाच असेल तर ती वापरा. नसेल तर खाली लिहितो.

सिरीज बोर्ड बनवल्याशिवाय सेट सुरू करू नका. फेज वायरमध्ये सिरीजला होल्डर, त्यात तारेचा बल्ब. एलईडी किंवा सीएफएल इथे चालत नाही. ३०-४० वॉटपर्यंतच्या ॲम्पला ६० वॉटचा बल्ब, मोठ्याला १०० वॉटचा. स्विच दाबल्यावर बल्ब भक्कन पेटून दोन-तीन सेकंदांत मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे: आउटपुट ट्रान्झिस्टर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) नाहीतर फिल्टर कंडेन्सर. बल्ब सिरीजला असताना प्रोटेक्शन रिले (बिघाडात स्पीकर तोडणारा विजेचा स्विच) कधी कधी लागत नाही, कारण त्याच्या कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. म्हणून रिले खराब असं लगेच ठरवू नका. आणि बल्ब मध्ये असताना बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा प्रवाह) कधीही सेट करू नका.

हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठे कंडेन्सर रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही. १०० ओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याला इन्सुलेटेड क्लिपा. १०,००० मायक्रोफॅरडच्या (पुढे नुसतं 'मायक्रो') कंडेन्सरसाठी पाच-सहा सेकंद धरा, मग मीटरने बघा. एक व्होल्टच्या खाली आलं की काम सुरू.

पहिली दोन मापं: स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून प्रत्येक चॅनेलचा डीसी ऑफसेट, म्हणजे आउटपुटवर नको असलेला डीसी (रिलेच्या आधीच्या बाजूला), आणि आउटपुट एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट, ज्यावरून बायस कळतो. ऑफसेट ±२० मिलिव्होल्टच्या आत असला तर उत्तम, ५० पर्यंत चालवून घेता येतो. त्यापुढे गेला तर कारण शोधा. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर ताडून बघायचे आहेत.

सर्व्हिस मॅन्युअल हायफायइंजिन या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलचं मिळतं. ते छापून शेजारी ठेवल्याशिवाय कथील वितळवू नका.

मांडवीकर

फार गरजेचा धागा. माझा प्रश्न: डावा चॅनेल हळू आवाजात गायब होतो. आवाज वाढवला की खटकन येतो आणि मग नीट चालतो. सेट समुद्राजवळच्या घरात आहे. मेकॅनिकने आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायला सांगितले आहेत.

अर्धा_डीबी

ट्रान्झिस्टरला हात लावू नका, लक्षण रिलेचं आहे. कॉन्टॅक्टवर काजळी धरलेली असते. हळू आवाजाचा सिग्नल ती भेदू शकत नाही, मोठा भेदतो. ट्रान्झिस्टर गेला असता तर आवाज फाटला असता, नाहीतर रिले लागलाच नसता.

खात्री अशी करा. गाणं हळू लावा, रिले लागलेला असताना त्याच्या त्या चॅनेलच्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून मोजा. चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य दिसतं. इथे जे काही दिसेल ते स्पीकरला न मिळालेलं आहे. रिले शून्य दाखवत असेल तर तेच माप स्पीकर ए-बी स्विचवर घ्या. तोही स्वच्छ असेल तर टेप मॉनिटर स्विच दहा-वीस वेळा दाबून बघा. खाऱ्या हवेत चांदीचा मुलामा असलेले स्विच काळे पडतातच.

तात्पुरता उपाय: रिलेचं झाकण काढून साध्या छपाईच्या कागदाची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवायची, कॉन्टॅक्टमध्ये घालून, कॉन्टॅक्ट बोटाने हलके मिटवून ओढायची. काळी रेघ येणं थांबेपर्यंत. पॉलिश पेपर किंवा कानस लावली तर मुलामा निघतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तक्रार परत येते. कायमचा उपाय नवा रिले. २४ व्होल्ट डीसी कॉइल, दोन चेंजओव्हर कॉन्टॅक्ट, निदान ५ अँपिअर. जुन्या कॉइलचा रेझिस्टन्स आधी मोजा. ओम्रॉनच्या एलवाय२ ची २४ व्होल्टची कॉइल ६५० ओहमच्या आसपास असते, जी२आर-२ ची ११०० च्या आसपास. सर्किटमध्ये कॉइलला सिरीज रेझिस्टर असतो, त्यामुळे जास्त ओहमची कॉइल घातली तर तिच्यावर जास्त व्होल्ट येतात आणि ती तापते. तेव्हा तो सिरीज रेझिस्टर त्या प्रमाणात वाढवावा लागतो. पिना जुळल्या म्हणून काम झालं असं नाही.

न्यूजर्सीतला_पुणेकर

मी १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा रिसीव्हर पुण्याला नेणार आहे. साधा २३० ते ११० चा कन्व्हर्टर लावला तर चालेल ना? सोबत टर्नटेबलही आहे.

कथीलतार

चालेल, पण दोन-तीन गोष्टी बघून. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला फ्लक्स व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात असतो. १२० भागिले ६० म्हणजे २. तेच १२० तुम्ही ५० हर्ट्झवर दिलेत तर २.४. म्हणजे २० टक्के जास्त. काही कंपन्यांनी गाभा सढळ ठेवला आहे, काहींनी नाही. म्हणून १२० पूर्ण देण्याच्या मागे लागू नका. ११० वर चालवा, तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. हात टेकवून ठेवता येत नसेल किंवा ट्रान्सफॉर्मर स्वतःच घूं-घूं करत असेल तर १०० चा टॅप घ्या. १०० वर पॉवर साधारण ७० टक्क्यांवर येते, घरात ऐकताना तो फरक दीड डेसिबलचा. ट्रान्सफॉर्मर जळण्यापेक्षा हे बरं. बऱ्याच मॉडेलच्या प्रायमरीला आतून १२०/२२०/२४० चे टॅप असतात आणि फक्त सिलेक्टर बसवलेला नसतो. मॅन्युअलमध्ये बघा, असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही.

कन्व्हर्टर पाटीवरच्या वॉटच्या निदान दीडपट व्हीएचा घ्या. आणि बाजारातले स्वस्त बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, ते लाईनपासून वेगळं करत नाहीत हे लक्षात असू द्या.

टर्नटेबलला एसी सिंक्रोनस मोटर असेल तर कन्व्हर्टरचा उपयोग नाही. वेग हर्ट्झवर ठरतो. ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे फिरेल. ५० हर्ट्झची पुली लागते. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्न येत नाही.

सप्तसूर७८

त्याला जोडून: अमेरिकन ट्यूनरचं डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले तार स्वर परत खाली आणणारं फिल्टर) ७५ मायक्रोसेकंदांचं असतं, आपल्याकडे ५०. एफएम थोडं मुकं, झांजा मागे गेल्यासारखं ऐकू येतं आणि लोक अलाइनमेंटला दोष देतात. एमपीएक्स आयसीच्या (एफएमचे दोन चॅनेल वेगळे करणाऱ्या चिपच्या) बाहेर दोन्ही चॅनेलला एकेक फिल्म कंडेन्सर असतो, त्याची किंमत (मायक्रोमधलं मूल्य) दोन तृतीयांश करा. ०.०१५ मायक्रो असेल तिथे ०.०१. दोन कंडेन्सरचं काम.

खास जपानमधल्या बाजारासाठीचा १०० व्होल्टचा सेट असेल तर मात्र ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. आपली खासगी स्टेशनं ९१ च्या पुढे सुरू होतात. ॲम्प म्हणून वापरा, रेडिओ विसरा.

मांडवीकर

अर्धा_डीबी, माप घेतलं, रिलेच होता. कागदाच्या पट्टीने तूर्त ठीक झालाय, नवा मागवतो. आता पुढचा प्रश्न: आमच्याकडे लाईन २४५ पर्यंत जाते आणि सिलेक्टरला २४० नाही. स्टॅबिलायझर लावू का?

कथीलतार

रिलेवाला स्टॅबिलायझर टॅप बदलताना झटके देतो, ॲम्पला नको. बकिंग ट्रान्सफॉर्मर (लाईनमधून थोडे व्होल्ट वजा करणारा) करा. २३० व्होल्ट प्रायमरी, १२ व्होल्ट ३ अँपिअर सेकंडरीचा नवा, चांगल्या इन्सुलेशनचा ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रायमरी लाईनवर जोडा. सेकंडरी फेजमध्ये सिरीजला, उलट्या फेजने. २४० चे साधारण २२७ होतात. ३०० वॉट ओढणाऱ्या सेटला १.३ अँपिअर लागतात, त्यामुळे ३ अँपिअरची सेकंडरी पुरते.

सेकंडरीची टोकं चुकली तर वजाबाकीऐवजी बेरीज होते आणि २५२ येतात. म्हणून सेट न लावता आधी सॉकेटवर मीटर धरा. कमी दिसले तर बरोबर, जास्त दिसले तर सेकंडरीच्या दोन वायरी अदलाबदल. सगळं अर्थ केलेल्या पत्र्याच्या पेटीत, आधी फ्यूज. उघडं ठेवू नका, सेकंडरीलाही लाईनचाच शॉक आहे.

मीनाक्षी_स्टिरिओ

कंडेन्सरवर येऊया का? माझं मत थोडं वेगळं आहे. ४५-५० वर्षांचे इलेक्ट्रोलायटिक, तेही आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात राहिलेले. मोजत बसण्यापेक्षा सगळे बदलून टाकावेत. एकदा उघडलंय तर परत दहा वर्षं उघडायला नको.

कथीलतार

"सगळे" या शब्दाला माझी हरकत आहे. इलेक्ट्रोलायटिक बदला, पण स्टायरॉल (पॉलिस्टायरीन), मायका, सिरॅमिक आणि चांगल्या फिल्मच्या कंडेन्सरना हात नको. फोनो बोर्डावरचे स्टायरॉल आरआयएएची (रेकॉर्डसाठी ठरलेल्या स्वर-समतोलाची) वळणं ठरवतात, ते बिघडत नाहीत, आणि कावियाची (सोल्डरिंग आयर्नची) उष्णता जास्त वेळ लागली की वितळून किंमत बदलते. शिवाय हे बोर्ड फिनोलिकचे, तांब्याची पट्टी पटकन उचलते. दर सुट्या भागाबरोबर एक धोका आपण पत्करतो.

मीनाक्षी_स्टिरिओ

इलेक्ट्रोलायटिकपुरतंच म्हणत होते, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. माझी पद्धत सांगते.

एका वेळी एक बोर्ड, आणि त्यातही आधी एकच चॅनेल. दुसरा चॅनेल मूळ अवस्थेत राहिला की शंका आली तर तोच नकाशा. बदलला की सिरीज बोर्डवर सुरू करून ऑफसेट परत मोजायचा, मग दुसरा चॅनेल. चाळीस कंडेन्सर एका बैठकीत बदलून मग स्विच दाबायचा आणि धूर आला तर चाळीस ठिकाणी शोधायचं, हे नको.

किंमत तीच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, तापमान १०५ अंश. १ मायक्रो आणि त्याखालचे सिग्नलमधले असतील तिथे ६३ व्होल्टचे ५ मिलिमीटर पायांचे पॉलिस्टर फिल्म. आकाराने बसतात आणि परत कधी बदलावे लागत नाहीत. २.२ ते १० मायक्रो सिग्नलमध्ये असतील तर कमी लीकेजवाले, निचिकॉन यूकेएलसारखे. मूळ जागी केशरी रंगाचे असतील तर तिथे कमी लीकेजच हवं आहे असं समजा. थेंबाच्या आकाराचे टँटलम कंडेन्सर दिसले की ते बदलाच, ते शॉर्ट होऊन जातात. बायपोलर असेल तिथे बायपोलरच. पॉवर सप्लायच्या बोर्डावर पॅनासॉनिक एफआर किंवा निचिकॉन पीडब्ल्यू.

बोर्डावरची छपाई नीट बघा. काही कंपन्या अधिकची बाजू दाखवतात, काही वजाची बाजू काळी करतात, आणि छपाई चुकलेले बोर्डही असतात. म्हणून काढण्याआधी फोटो, आणि खात्री सर्किटवरून.

मोठे फिल्टर कंडेन्सर मूळच्या दीडपटीपर्यंत ठीक. १०,००० च्या जागी ३३,००० घालणाऱ्यांनी सुरुवातीच्या झटक्याचा विचार करावा, तो ब्रिजवर आणि जुन्या पॉवर स्विचच्या कॉन्टॅक्टवर येतो. ते स्विच आता मिळत नाहीत. स्विचवरचा ०.०१ मायक्रोचा ठिणगी मारणारा कंडेन्सर मात्र बदलाच, आणि तिथे एक्स२ किंवा वाय२ छापलेला सेफ्टी कंडेन्सर हवा. साधा ६३० व्होल्टचा पॉलिस्टर चालत नाही.

अर्धा_डीबी

+१, विशेषतः एक चॅनेल राखून ठेवण्याला. भर घालतो: ६३/३७ चं कथील-शिसं, ३२०-३५० अंश, दोन-तीन सेकंदांत पाय सुटला पाहिजे. सुटत नसेल तर थोडं ताजं कथील लावा, मग विक (कथील शोषणारी तांब्याची वेणी). जोर लावून ओढायचं नाही. आणि वायर-रॅपच्या (कथील न लावता नुसती वायर गुंडाळलेल्या) खुंट्यांवरच्या वायरी बोर्ड उलटताना वाकून तुटतात. आधी फोटो, बोर्ड कमीत कमी वेळा उलटा, संशय असेल त्या खुंटीवर कथीलाचा थेंब द्या.

सप्तसूर७८

उजव्या चॅनेलमध्ये पॉपकॉर्न फुटल्यासारखी चटचट आहे, आवाज शून्यावर असतानाही. कंडेन्सर बदलून झाले, फरक नाही.

अर्धा_डीबी

आवाज शून्यावर असूनही आहे म्हणजे व्हॉल्यूमच्या पुढे. मागे प्री-आउट/मेन-इनचे दुवे असतील तर काढा. तरीही चटचट राहिली तर पॉवर ॲम्पमध्ये, थांबली तर टोन बोर्डात. बऱ्याचदा कारण निघतं ते पहिल्या डिफरन्शियल जोडीचे (इनपुटला असलेल्या जुळ्या जोडीचे) ट्रान्झिस्टर. २एसए७२६, २एससी१३१२, २एससी१३१३, २एससी४५८ हे नंबर दिसले की संशय घ्या. पाय काळे पडलेले असतील तर जास्तच. फ्रीझ स्प्रेची बारीक फवारणी एकेकावर करा. ज्याच्यावर मारल्यावर आवाजाचं स्वरूप बदलतं तो दोषी.

पीएनपीला केएसए९९२, एनपीएनला केएससी१८४५. दोघांचे पाय एमिटर-कलेक्टर-बेस या क्रमाने, जपानी जुन्यांसारखेच. बीसी५५०/५६० घालायचे असतील तर त्यांचा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर आहे, उलटे फिरवूनही जुळत नाही, पाय ओलांडून स्लीव्ह घालावी लागते. जोडी एचएफईमध्ये (ट्रान्झिस्टरच्या गेनमध्ये) ५ टक्क्यांच्या आत जुळवा आणि सपाट बाजू एकमेकींना चिकटवून बसवा म्हणजे दोन्ही सारख्या तापतात, ऑफसेट फिरत नाही. ५० मिलिअँपिअरचे हे भाग आहेत, ड्रायव्हरच्या जागी घालू नका.

आणि मोठ्या कंडेन्सरांच्या बुडाशी पिवळसर गोंद दिसतोय का? तो तपकिरी झाला असेल तर वीज वाहतो आणि शेजारच्या डायोड-रेझिस्टरचे पाय खातो. लाकडी काडीने खरवडा, उरलेला आयसोप्रोपाइलने. हिरवट पाय दिसले तर तो भाग बदला.

सप्तसूर७८

२एसए७२६ ची जोडीच निघाली. स्प्रे मारताच चटचट थांबली. गोंदही आहे, खरवडायला घेतो. आउटपुट ट्रान्झिस्टरही हाताशी ठेवावेत का? लॅमिंग्टन रोडला एमजे१५०२४ फार स्वस्त मिळतायत.

मीनाक्षी_स्टिरिओ

आउटपुट ट्रान्झिस्टर चांगले असतील तर बदलू नका. लागलेच तर माउसर, डिजी-की किंवा एलिमेंट१४ वरून. या नंबरांच्या बनावट मालाने बाजार भरलेला आहे: वर ठळक छपाई, आत नखाएवढ्या चकतीऐवजी तांदळाएवढी. मल्टिमीटरवर तो चांगलाच दिसतो आणि पहिल्या मोठ्या आवाजाला जातो. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ रेझिस्टर, फ्यूज, स्लीव्ह, मायका वॉशर, थर्मल पेस्ट खुशाल घ्या. सेमीकंडक्टर नको. आणि खूप वेगवान नवा ट्रान्झिस्टर जुन्या सर्किटमध्ये घातला की ऑसिलेशन होऊ शकतं, तेव्हा ऑसिलोस्कोप नसेल तर हा प्रयोगच टाळा.

मांडवीकर

बायसचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) हलवला की आकडा उडतोय. नुसतं क्लीनर मारून चालेल?

कथीलतार

नाही. बायसचा ट्रिमर ही पूर्ण सेटमधली सर्वांत महत्त्वाची स्वस्त वस्तू आहे. बऱ्याच सर्किटांत त्याची मधली पट्टी सुटली की बायस थेट कमाल होतो आणि त्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. बंद सरमेटचा नवा घाला. जुना काढण्याआधी तो ज्या स्थितीत आहे तिथला रेझिस्टन्स मोजा आणि नवा तेवढ्यावर ठेवूनच बसवा. सुरुवात कमी बायसच्या बाजूने करायची असेल तर ती बाजू कोणती हे मॅन्युअलवरून ठरवा, अंदाजाने नको.

त्याच वेळी बायसचे डायोड बघा. व्हीडी१२१२ लिहिलेला छोटा डायोड असेल तर तोही बदला, तो उघडा पडला तर परिणाम तोच. त्याच्या जागी दोन १एन४१४८ सिरीजला. हीटसिंकला टेकलेला असेल तर नवाही तसाच टेकवून, पेस्ट लावून. हवेत लोंबकळत ठेवला तर सिंक तापल्याचं त्याला कळणारच नाही. जवळचे फ्यूजिबल रेझिस्टर एक पाय सोडवून मोजा, बरेच १०-२० टक्के चढलेले सापडतील.

मग बायस. सिरीज बल्ब काढा, लोड नको, आवाज शून्य. मॅन्युअलमध्ये मिलिव्होल्ट दिलेले असतात. ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, याच हिशोबाने तुमच्या रेझिस्टरचं काढा. दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, सेट करा, अर्ध्या तासाने परत बघा. झाकण लावलं की आकडा थोडा हलतो, म्हणून झाकण लावून पुन्हा एकदा, जाळीतून बारीक प्रोब घालून. क्लिपा आधीच जोडून ठेवता आल्या तर जास्त चांगलं, प्रोब घसरून शॉर्ट झाला तर सगळी मेहनत जाते.

न्यूजर्सीतला_पुणेकर

डायलला एलईडी घालणं योग्य आहे का? आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनचे फिरते रेझिस्टर) साफ करायला काय?

सप्तसूर७८

एलईडी चालतात, मात्र ८ व्होल्ट एसीवर चालणारे, आत ब्रिज असलेले घ्या, नाहीतर लुकलुकतात. उष्णता कमी झाल्याने डायलमागचा कागद जळत नाही हा खरा फायदा. पांढऱ्यात वॉर्म व्हाइट, आणि निळ्या फिल्टरवर एक लावून रंग आवडतो का ते बघूनच बाकीचे मागवा. पॉटला आयसोप्रोपाइल आणि त्यानंतर फेडरचं वंगण असलेलं क्लीनर, थेंबभर, नळीने थेट ट्रॅकवर. डब्ल्यूडी-४० अजिबात नको, आणि दांड्याच्या जाड ग्रीसवर फवारा जाऊ देऊ नका, व्हॉल्यूमचा तो जड, मऊ फिरण्याचा स्पर्श त्या ग्रीसमुळेच आहे.

मांडवीकर

ट्रिमर आणि डायोड बदलले. दोन्ही चॅनेल ११ मिलिव्होल्टवर, ऑफसेट ६ आणि ९. पण दुपारी मोजलं तर १३ दिसतात.

कथीलतार

आकडे चांगले आहेत. मे महिन्यात खोलीच पस्तीस अंशांवर असते, त्यामुळे दुपारचे १३ ठीक; १३ वर येऊन थांबतात का एवढंच बघा, चढतच राहिले तर डायोडचा सिंकशी स्पर्श नीट नाही. पंखा बंद करून मोजा आणि शेवटचं सेटिंग दुपारीच करा, रात्री आपोआप थोडं खाली येईल. त्यानंतर प्रत्येक चॅनेलला ८ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर लावून तासभर चालवा, आणि त्या रेझिस्टरवरचा डीसी वर दिलेल्या ऑफसेटच्या मर्यादेतच राहिला तरच स्पीकर जोडा.